मोटारींतील रेडिओ आणि मेजावरची परीक्षा

येरळेच्या कांठच्या वडूज गावीं रेल्वे पोहोंचलेली नाहीं. त्या दुष्काळी मुलखांतील प्रवास मोटारीचा. लांबच्या वाटेवर गाडींतील रेडिओसारखा सोबती नाहीं. परंतु तो बिघडून मेजावर आला, म्हणजे किती जपून हाताळावा लागतो, हें त्याच्या इतिहासावरूनच उमजतें.

मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुढें १९३० सालीं शिकागोच्या गॅल्विन बंधूंनीं मोटारीसाठीं ‘मोटोरोला’ हा रेडिओ विक्रीस काढला. त्या काळच्या निर्वात नळ्यांची तार तापविण्यास गाडीच्या बॅटरीचे ६ व्होल्ट पुरत. पण त्यांच्या पट्टिकेस शंभराहून अधिक व्होल्ट लागत. त्यासाठीं कोरड्या बॅटऱ्यांचें निराळें ओझें वागवावें लागे. नंतर ‘व्हायब्रेटर’ आला. त्याची कंप पावणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह सेकंदास शंभराहून अधिक वेळां तोडी व जोडी, आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. ओझें गेलें, पण धोका झांकला गेला. बाहेर ६ व्होल्ट दिसत. पेटींत दोनशेंच्या घरांत खेळत. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत वीज सांचून राही. म्हणून जाणता कारागीर ती रोधकांतून उतरविल्यावांचून आंत हात घालीत नसे.

दुसरा घोटाळा बॅटरीच्या टोकांचा. १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत जोडल्या जाणाऱ्या डॉज व प्लिमथ गाड्यांत, तसेंच कित्येक इंग्रजी गाड्यांत, धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. इतर कित्येकींत ऋण. १९५५ सालीं क्रायस्लर व फिल्को यांनीं केवळ ट्रान्झिस्टरांचा मोटार-रेडिओ पुढें आणला. त्याच सुमारास १२ व्होल्टांच्या बॅटऱ्याही रूढ होऊं लागल्या. आंतील उच्च दाब गेल्यानें माणसाचें भय कमी झालें. पण टोकें उलटीं लागलीं तर यंत्र क्षणांत जळूं लागलें.

हल्लींच्या कारखानी रेडिओस हीच दक्षता लागते. प्रथम त्या नमुन्याच्या तारांचा आराखडा मिळवावा. केवळ तारांच्या रंगावर विसंबूं नये. सांकेतिक क्रमांक मागणारा रेडिओ असेल, तर तो गाडींतून काढण्यापूर्वींच मिळवावा. वीज १२ ते १४ व्होल्टांची, स्थिर व प्रवाहास मर्यादा असलेली असावी. बॅटरी भरण्याचें साधें यंत्र त्या कामीं वापरूं नये. गाडीची बॅटरीच वापरायची, तर तिच्या धन टोकाशेजारीं योग्य फ्यूज घालावा, कारण तारा एकमेकींस भिडल्यास तिच्यांतून शेंकडों अँपिअर वाहूं शकतात. ध्वनिवर्धक आधीं जोडावा, वीज शेवटीं द्यावी. ध्वनिवर्धकाची तार सांगाड्यास लावूं नये. पुष्कळ नव्या यंत्रांत त्याच्या दोन्ही तारा चेतलेल्या असतात.

एवढें पाळलें, तर खरा दोष शोधण्यापूर्वीं नवा दोष पदरीं पडत नाहीं. वाटेवरचा सोबती पुन्हां बोलता करण्यास कौशल्याइतकीच ही सबुरीही लागते.