टाटा चढणार की लेलँड? इंजिन-गेअरबॉक्सच्या जोडीचा थोडा इतिहास

मराठवाड्याच्या इतिहासावर आपण निजाम, रझाकार आणि मुक्तिसंग्राम यांच्याबद्दल भरपूर लिहितो. ज्या गाड्यांनी इथला कापूस, सागवान आणि तूर बाहेर नेली, 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी गावोगाव पोचवली, त्यांच्याबद्दल मात्र एक ओळ सापडत नाही. त्या गाड्या चालवणारे आणि खोलून पुन्हा जोडणारे बरेचसे हात आपल्या समाजाचे होते. माहूर, किनवट, नांदेड कुठेही जा, जुन्या गॅरेजात एखादे उस्ताद भेटतातच. त्यांच्यातला सर्वात जुना वाद म्हणजे टाटा की लेलँड. वरवर पाहता तो पानटपरीवरचा वाद वाटतो. पण थोडे खोलात गेले तर त्यात चाळीस-पन्नास वर्षांचा औद्योगिक इतिहास आहे.

सुरुवात त्याहून आधीची आहे. निजाम स्टेट रेल्वेने 1932 साली 27 बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. तेव्हा आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. त्या गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. ही अल्बियन पुढे 1951 मध्ये लेलँड मोटर्सने विकत घेतली. म्हणजे लेलँडशी आपले नाते तसे निजामाच्या काळापासूनचे, जरा लांबचे का होईना.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी डॉज आणि फार्गो ट्रक बनवत होती. पेट्रोल परवडेना, तेव्हा अशा गाड्यांत पर्किन्सचे पी-6 डिझेल इंजिन बसू लागले. सहा सिलिंडर, 4.73 लिटर. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची इंजिने इथेच बनवू लागली. ही जोडी समजून घेण्यासारखी आहे. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांवर पळते, डिझेल कमी फेऱ्यांवर ओढते. मागचा गेअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाने ठरवलेले राहिले, तर गाडी डिझेल वाचवते पण सपाटीवर रेंगाळते. कुठले इंजिन कुठल्या गेअरबॉक्सशी जुळते, हा प्रश्न आपल्या मिस्त्रींसमोर तिथून उभा राहिला.

मग 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी 15 वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. पहिली गाडी एल-312, लांब नाकाची. तिच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटायचे, म्हणून थंडीत हीटर लावून वाट पाहावी लागे. पुढे आलेल्या 692 इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडू लागले. गाडी लवकर सुरू व्हायची आणि डिझेलही कमी लागायचे. करार 1969 ला संपला, नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला, त्या जागी टाटांचा टी आला. तरी नावांची जर्मन पद्धत टिकली. 1210 म्हणजे एकूण वजन 12 टन आणि ताकद 100 अश्वशक्तीच्या घरात. 1613 म्हणजे 16 टन, 130 अश्वशक्ती. ही पद्धत कळली की रस्त्यावरची प्रत्येक जुनी टाटा गाडी वाचता येते. माझ्या मुलांना हे सांगितल्यापासून प्रवासात ती दुसरे काही बोलत नाहीत.

दुसरीकडे रघुनंदन सरन यांची अशोक मोटर्स. ती 1948 मध्ये ऑस्टिन मोटारी जोडण्यासाठी निघाली आणि 1955 मध्ये अशोक लेलँड झाली. तिचा ट्रक म्हणजे कॉमेट. त्यातल्या 370 इंजिनाचा आकडा घन इंचांचा आहे. आपल्या हिशेबाने सहा लिटरहून थोडा जास्त. टाटाचे 692 जेमतेम 4.8 लिटरचे.

सगळा वाद इथून फुटतो. लहान इंजिनाला ताकद काढायला जास्त फिरावे लागते. टाटा 2800 फेऱ्यांपर्यंत जाते, लेलँड 2400 च्या आसपास थांबते. म्हणून चढावर टाटाचा ड्रायव्हर सारखा गेअर बदलत राहतो, फेऱ्या पडू देत नाही. लेलँडवाला एका गेअरमध्ये आवाज खाली आला तरी ओढत राहतो. किनवटकडून सागवान भरून निघालेल्या किंवा निर्मलचा महबूब घाट चढणाऱ्या गाडीला हा फरक पायात आणि मनगटात जाणवायचा.

पण इंजिन हा निम्माच मामला. बाकीचा निम्मा मागच्या दातांत असतो. क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 6 असतील, तर शाफ्टच्या 6.83 फेऱ्यांना चाकाची एक फेरी. पिनियन 7 दातांचा घातला की 5.86. आता हिशेब करून पाहा. नऊशे-वीसचा टायर एका फेरीत साधारण 3.15 मीटर जातो. वरच्या गेअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरत असतील, तर 2800 फेऱ्यांवर 41-6 ची गाडी ताशी सुमारे 77 किलोमीटर जाईल, 41-7 ची 90. त्याच 41-6 वर 2400 फेऱ्यांचे इंजिन लावले तर वेग 66 वर येतो. म्हणून ‘फलाण्याचे इंजिन चांगले’ हे वाक्य अर्धवट आहे. डोंगरात लाकूड ओढणाऱ्याला 41-6 लागतो, नागपूर-हैदराबाद सपाटीवर पळणाऱ्याला 41-7. आमचे उस्ताद हा गुणाकार कागदावर करत नसत, पण चुकतही नसत.

गेअरबॉक्सबद्दल एक गोष्ट नव्या पिढीला खरी वाटत नाही. या गाड्यांना पाच गेअर होते, पण सिंक्रोमेश नव्हता. आतल्या गरारींचे वेग ड्रायव्हरने स्वतः जुळवायचे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक ठोका द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गेअर. हाच डबल क्लच. भरल्या गाडीचा घाट उतरताना गेअर हुकला, तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि भिस्त फक्त ब्रेकवर. म्हणून ज्या गेअरने चढलात त्याच गेअरने उतरा, ही उस्तादांची पहिली शिकवण. सिंक्रोमेश आला आणि ही कला हळूहळू गेली. तिच्याबरोबर अपघाताचे एक कारणही गेले, म्हणून मी त्याबद्दल हळहळत बसत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर चढावर लेलँड, पण धंद्यासाठी टाटा. कारण इंजिनात नाही, बाजारात आहे. माहूरसारख्या ठिकाणी रात्री गाडी बसली, तर टाटाचा सुटा भाग आणि टाटा खोललेला माणूस दोन्ही सापडत. लेलँडसाठी नांदेड किंवा यवतमाळची वाट धरावी लागे. पुढे 1993 मध्ये टाटा-कमिन्स कंपनी निघाली, 5.9 लिटरचे कमिन्स इंजिन टाटाच्या गाड्यांत आले आणि टाटाला ओढ कमी असल्याची तक्रारही मिटली.

मी भाषा शिकवतो, त्यामुळे माझे कान शब्दांकडे जातात. या गॅरेजांत पाना मराठी आहे, गरारी आणि पेचकस हिंदुस्थानी, क्राऊन-पिनियन इंग्रजी आणि शिव्या शुद्ध दखनी. हे ज्ञान उर्दूत लिहिले गेले नाही, मराठीतही नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे पोरे ‘मजुरी’ लिहितात, आणि बाप मात्र नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरचे नोझल खराब आहे ते सांगतो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी 41 भागिले 6 चे गणित फळ्यावर मांडले. भाषेच्या तासाला गणित पाहून पोरे हसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, “सर, ये तो सोलह-तेरा का है ना? अब्बा ने सात वाला डाला है, छह वाला डीजल पीता था.”