झिजलेल्या शस्त्राची नोंद

इंदूरहून उज्जैनीस जाणाऱ्या मार्गावर, कान्ह नदीच्या काठी सांवेर हे गाव आहे. या मार्गाने उत्तरेस गेले की उज्जैन आणि त्यापुढे महिदपूर लागते; दक्षिणेस इंदूर आणि महू आहे. माळव्यातील मराठ्यांच्या शस्त्रबळाचा पराभव आणि त्यानंतरचा इंग्रजी अंमल यांच्या खुणा अशा या एकाच वाटेवर पसरल्या आहेत. या भागातील मराठी घरांत खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. पाटावर तलवार व कट्यार असते आणि क्वचित एखाद्या घरी पणजोबांच्या वेळचे जुने रिव्हॉल्व्हरही असते. तलवारीची कथा घरातील मुलांना पाठ असते. रिव्हॉल्व्हरविषयी मात्र ‘फार जुने आहे’ यापलीकडे सहसा कोणास काही सांगता येत नाही. परक्यांबरोबर आलेले हे यंत्र. त्याच्याविषयी जिव्हाळा नव्हता आणि म्हणून नोंदही राहिली नाही. तथापि माळव्याच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात त्यासही स्थान आहे.

त्याआधीचा काळ तोफेचा आणि तोड्याच्या बंदुकीचा होता. यशवंतराव होळकरांचा एक डोळा बंदूक फुटून कायमचा निकामी झाला होता. तरीही अखेरच्या वर्षांत भानपुऱ्यास तोफा ओतण्याचा कारखाना त्यांनी मोठ्या ईर्ष्येने चालविला आणि २८ ऑक्टोबर १८११ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूरला सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेशी गाठ पडली. होळकरांच्या तोफखान्याने त्या दिवशी इंग्रजांची मोठी हानी केली, पण जय मिळाला नाही. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि महूला इंग्रजांची छावणी पडली.

रिव्हॉल्व्हर माळव्यात आले ते मुख्यतः या छावणीच्या वाटेने. सॅम्युअल कोल्ट याने १८३६ साली अमेरिकेत फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले होते. १८५१ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्स याने नुसता चाप ओढताच घोडा आपोआप उठून पडेल अशी रचना केली. या आरंभीच्या हत्यारांत प्रत्येक घरात दारू व गोळी ठासून मागे टोपी बसवावी लागे. परंतु एकदा भरले की पाच-सहा बार लागोपाठ उडत. १ जुलै १८५७ रोजी सआदत खानाच्या पुढाकाराने इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा डागल्या गेल्या, कर्नल ड्युरँड सीहोरकडे निघून गेला आणि त्याच रात्री महूच्या पलटणी उठल्या. त्या वेळी इंग्रज अधिकारी स्वतःच्या पैशाने रिव्हॉल्व्हर विकत घेऊन कमरेस लावीत. शिपायाच्या हाती मात्र एका बारानंतर पुन्हा ठासावी लागणारी बंदूक असे. १ ऑक्टोबर १८७४ रोजी सआदत खानास इंदुरात फाशी देण्यात आले.

पुढे धातूचे काडतूस रूढ झाले. १८८७ साली ब्रिटिश सैन्याने बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे .४५५ व्यासाचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. ते वरच्या खिळीपाशी उघडून पुढे मोडले की सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडत. १९१५ साली त्याची सहावी आवृत्ती निघाली आणि पहिल्या महायुद्धात ती सर्वत्र पोहोचली. १९३२ पासून एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचे .३८ व्यासाचे हलके रिव्हॉल्व्हर सैन्यात आले. ही धाटणी आपल्याकडे टिकून राहिली. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे .३२ व्यासाचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. तेही वेब्लीप्रमाणेच मोडून उघडते.

जुन्या रिव्हॉल्व्हरचा संग्रह करणारे दोन प्रकारचे असतात. एकास पेटीतून नुकतेच काढल्यासारखे चकचकीत हत्यार हवे असते. दुसरा झिजलेल्या हत्याराकडे ओढला जातो. इतिहासाच्या दृष्टीने दुसऱ्याची दृष्टी अधिक खोल म्हटली पाहिजे. नळीच्या टोकाशी आणि चक्राच्या कडांवर पोलादाचा निळा रंग उडून पांढरे लोखंड दिसत असेल, तर ते हत्यार चामड्याच्या म्यानातून अनेक वर्षे आत-बाहेर झाले आहे, असे समजावे. मुठीवरील चौकटीदार नक्षी पुसट झाली असेल, तर ती तळव्याच्या घर्षणाने. नळीच्या आत बारीक खड्डे पडले असतील, तर त्यास बहुधा जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार कारण असतो. बार उडाल्यावर तो नळीत राहतो, पावसाळ्यातील दमट हवा ओढून घेतो आणि वेळीच गरम पाण्याने धुतले नाही तर पोलाद खातो. नळीवरील बर्मिंगहॅमच्या कसोटीगृहाचे छाप हत्याराची परीक्षा झाल्याची साक्ष देतात. टोके जुळविलेले दोन सरकारी बाण ते सैन्यातून विकून टाकल्याचे सांगतात. हौशी मालक जेव्हा अशा हत्यारास घासून-पुसून निकेलचा मुलामा देतो, तेव्हा हा सारा मजकूर तो स्वतःच्या हाताने खोडून टाकतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमविले, ते वापरलेले होते म्हणूनच त्यांच्यातून मराठी घर बोलते. शस्त्रालाही हाच न्याय लागू आहे.

झिजलेले हत्यार चालवावे काय, हा प्रश्न निराळा आहे. यशवंतरावांच्या डोळ्याचे स्मरण येथे ठेवावे. घोडा उठला असता चक्र डुगडुगत असेल, किंवा चक्रातील घर आणि नळीचे तोंड एका रेषेत येत नसेल, तर गोळीची कड तासली जाऊन शिशाचे कण बाजूस उडतात. नेम धरणाऱ्यास आणि शेजारी उभ्या असलेल्यासही त्याची इजा होते. काळ्या दारूच्या काळात घडलेल्या पोलादास नंतरच्या धूरविरहित दारूचा दाब सोसेलच असे नाही. म्हणून जाणकार माणूस प्रथम कसोटीचे छाप वाचतो, शस्त्रकारागिराकडून सांधे तपासून घेतो आणि त्या काळच्या मापाचे हलके काडतूस मिळाले तरच, आणि कायद्याने नेमलेल्या चांदमारीच्या जागीच, बार काढतो. आजोबांचे हत्यार आहे एवढा आधार त्यास पुरत नाही.

आपल्याकडे या छंदाची खरी सीमा कायद्याने आखली आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रजेस परवान्यावाचून शस्त्र बाळगणे बंद झाले. युरोपियनांना त्यातून सूट होती आणि हा पंक्तिभेद लोकांच्या मनास दीर्घकाळ सलत राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात, दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या किंवा पुरातन मोलाच्या हत्यारास सवलत आहे. जे उडू शकते त्यास वय कितीही असले तरी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारशाने आलेली शस्त्रेही त्या मर्यादेत धरली गेली. जादा शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे मालकांना भाग पडले. ब्रिटनमध्ये १९९६ च्या डनब्लेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली; तरीही १९९७ च्या कायद्याने ऐतिहासिक मोलाची हत्यारे ठरावीक जागी ठेवून तेथेच चालविण्याची एक चिंचोळी वाट मोकळी ठेवली. समाजाची सुरक्षितता प्रथम, हे दोन्ही देशांनी मानले. इतिहासासाठी वेगळी खोली मात्र ब्रिटनने राखली. आपल्याकडेही अशी सोय विचारात घेण्यासारखी आहे.

नेमबाजीची परंपरा आपल्या मातीत परकी नाही. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. ज्या महूच्या छावणीतून रिव्हॉल्व्हर माळव्यात शिरले, तेथेच आज सैन्याचे नेमबाजी केंद्र आहे आणि तेथे तयार झालेल्या विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. पिस्तूल हातात असूनही मन स्थिर ठेवण्याची ही विद्या आहे.

जुन्या हत्याराची मात्र वाट पाहत बसण्याजोगी स्थिती नाही. ज्या पिढीस त्याची कथा ठाऊक होती ती सरत आली आहे. ठाण्यात जमा झालेले रिव्हॉल्व्हर चिठ्ठी लावून कोठडीत पडते. चिठ्ठीवर क्रमांक असतो, कथा नसते. ग्रंथालयाच्या सभासदांस दाखलनोंदवहीचे मोल सांगावयास नको. ग्रंथ फाटला, हरवला, तरी तो कधी आला व कोणी दिला हे नोंदवही सांगते. शस्त्रासाठीही तेवढेच पुरे आहे. छाप व क्रमांक उतरून घ्यावेत, झीज कोठे आहे ते लिहावे, छायाचित्र काढावे, ते घरात कोणाकडून व कोणत्या साली आले हे वडीलधाऱ्यांस विचारावे आणि त्या कागदाची एक प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी. यास परवाना लागत नाही. लोखंड उद्या सरकारजमा होईल, वितळविलेही जाईल. लिहून ठेवलेली ओळ मागे राहील.