साँग स्पॅरो

अलास्काच्या अल्यूशन बेटांपासून मेक्सिकोच्या मध्यभागापर्यंत, जेथे झुडपे व पाणी जवळजवळ असतील तेथे आढळणारा गायक पक्षी. शास्त्रीय नाव मेलोस्पायझा मेलोडिया. नावात स्पॅरो, म्हणजे चिमणी, असली तरी आपल्या घरातली चिमणी एकोणिसाव्या शतकात माणसाने उत्तर अमेरिकेत नेऊन सोडली. हा पक्षी मात्र मूळचा तिथलाच असून, चिमणीपेक्षा हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भारिटांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

लांबी १२ ते १७ सेंमी. पांढुरक्या छातीवरील जाड तपकिरी रेघा मध्यभागी एकवटून जो ठिपका होतो, तोच ओळखीचा दाखला म्हणून सर्वत्र सांगितला जातो. परंतु तो कित्येकदा अस्पष्ट असतो आणि सव्हाना स्पॅरो या दुसऱ्या पक्ष्याच्या छातीवरही दिसतो, म्हणून केवळ त्यावर विसंबणे इष्ट नव्हे. करड्या चेहऱ्यावर डोळ्यामागे जाणारी तपकिरी रेघ, गळ्याच्या दोन्ही बाजूंस उतरणारे गडद पट्टे, आणि एका झुडपातून दुसऱ्यात जाताना हातपंपाच्या दांड्यासारखी खालीवर होणारी लांब, गोलसर शेपटी, ही सारी एकत्र पाहिली म्हणजे संशय उरत नाही. सव्हानाची शेपटी आखूड व खाचदार, भुवई बहुधा पिवळसर. मुलखाप्रमाणे रंगही पालटतो : सोनोरन वाळवंटात फिका तांबूस, वायव्य किनाऱ्यावर काळपट.

अन्न उन्हाळ्यात मुख्यत्वे कीटक, हिवाळ्यात बिया. घरटे मादी बांधते, जमिनीवर किंवा ठेंगण्या झुडपात. निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची ३ ते ५ अंडी तीच १२ ते १४ दिवस उबवते. काउबर्ड पक्षीण त्यांत आपले अंडे घालून जाते आणि परक्या पिलाचे संगोपन या जोडप्याच्या माथी येते.

गाणे दोन-तीन स्वच्छ, सारख्या स्वरांनी सुरू होऊन घरघरीत व कंपित स्वरांत संपते. नराजवळ अशी आठ-दहा निरनिराळी गाणी असतात; एकच अनेकदा आळवून तो दुसऱ्याकडे वळतो, आणि शेजाऱ्याने हद्दीवर येऊन गाइलेले गाणे आपल्यालाही येत असेल तर पुष्कळदा त्याच गाण्याने त्यास उत्तर देतो. ही गाणी तो पहिल्या वर्षातच इतर नरांकडून शिकतो.

ओहायोतील कोलंबस येथे मार्गारेट मोर्स नाइस या बाईंनी, विद्यापीठात कोणतेही पद नसता, संसार सांभाळून, घरानजीकच्या नदीकाठी प्रत्येक साँग स्पॅरोच्या पायात रंगीत वळी घालून त्याची वर्षानुवर्षांची वहिवाट टिपली. १९३७ व १९४३ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ पक्षिशास्त्रात अजोड मानला पाहिजे, कारण पक्ष्यांची जात नव्हे तर एकेका पक्ष्याचे चरित्र त्यात वाचावयास मिळते.