घराखालची नहर

आमच्या उर्दू शाळेत सातवी-आठवीच्या मुलामुलींच्या चित्रांचे एक छोटेसे प्रदर्शन भरवले होते. विषय दिला होता, 'कल और आज'. शहर आमचेच, म्हणजे 2023 पर्यंतचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर. वर्गाच्या एका भिंतीवर जुने शहर, समोरच्या भिंतीवर आजचे.

'कल'च्या भिंतीवर बीबी का मकबरा, भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, मक्का दरवाजा यांची गर्दी झाली. 'आज'च्या भिंतीवर उड्डाणपूल, रिक्षा, मोबाईलचे टॉवर आणि पाण्याचे टँकर. टँकरभोवती रिकामे हंडे, निळे ड्रम आणि भांडणाऱ्या बायका. मुलांनी पाहिले तेच काढले. पण समोरच्या भिंतीवर, जुन्या शहराच्या एकाही चित्रात, पाण्याचा थेंब नव्हता. दोष मुलांचा नव्हता. इतिहास शिकवणारी मीच. मी त्यांना दरवाजे पाठ करून घेतले होते, पाणी शिकवले नव्हते.

वास्तविक हे शहर पाण्याच्या आधारावरच वाढले. गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला एक हबशी मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. तो मलिक अंबर. 1610 साली त्याने खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसवली. 1616 मध्ये मोगल फौजेने ती जाळली, तरी त्याने ती पुन्हा उभी केली. राजधानी वसवायची तर आधी लोकांना पाणी हवे. खाम नदीकाठच्या या खडकाळ भूमीत त्याने उत्तरेकडच्या भूजलाचा शोध घेतला आणि जमिनीखालून बांधीव पाट आणला. तीच नहर-ए-अंबरी. तिला ना मोट ना पंप. उताराच्या बळावर पाणी आपोआप वाहत येई. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून जागोजागी उभी विवरे ठेवलेली. पुढे खापरी नळांतून हे पाणी मोहल्ल्यांतल्या हौदांपर्यंत पोहोचे.

1626 मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच वर्षी त्याचा मुलगा फत्तेहखान याने शहराला फत्तेहनगर हे नाव दिले. 1653 साली दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने ते बदलून औरंगाबाद केले. नावे बदलत गेली, नहर मात्र वाहत राहिली आणि तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की 1744 मध्ये पूर्ण झालेल्या अशाच एका नहरीवर चाले. हर्सूलकडून आलेले पाणी उंचावरून पडे, चक्की फिरे आणि फकिरांच्या, मुसाफिरांच्या भाकरीचे पीठ दळले जाई. आज आपण तिथे सहलीला जातो, फोटो काढतो आणि परततो.

मलिक अंबरचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. पण तो केवळ आपला मानणे चूक ठरेल. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. त्याच्या नहरीचे पाणी घेताना कुणाला जात-धर्म विचारला गेला असेल, असे मला वाटत नाही. तहानलेल्याला पाणी देणे हा आपल्याकडे सदका-ए-जारिया मानला जातो. देणारा मेला तरी त्याचे पुण्य थांबत नाही. मग तो प्रवाह बुजू देणाऱ्याच्या नावावर काय लिहिले जात असेल?

हा प्रश्न मला प्रदर्शनातच पडला. नहरीची गोष्ट मी मुलांना तिथेच उभ्याने सांगत होते. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "आपा, नहर तो हमारे घर के नीचेच है, नानी बोलती." नानीच्या लहानपणी अंगणात दगडी झाकण होते, खाली कान लावला की पाणी ऐकू यायचे. पुढे घर वाढवताना ते झाकण फरशीखाली गेले. आज तेच घर टँकरची वाट पाहते.

असे घर एकच नाही. विवरांवर आपण ओटे बांधले, दुकाने काढली, कचरा टाकला. गेली कित्येक वर्षे शहराची तहान सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीवर अवलंबून आहे, आणि तिथून येणारे पाणीही नळाला रोज येत नाही. सरकारला दोष देणे सोपे आहे, तो द्यावाही. पण मिरवणुकीत पूर्वजांचे नाव घ्यायचे आणि त्यांच्या विवरात राडारोडा लोटायचा, याला वारसा म्हणत नाहीत.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी नवे चित्र आणले. वर घर, फरशी, रिकामे हंडे. खाली निळी रेघ. ते कुठल्या भिंतीवर लावायचे, हे तिला कळेना. उर्दूत 'कल' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. मी ते 'कल'च्या भिंतीवर लावले.