मगनवाडीचा पाकविचार

अन्नाची निवड हा आपल्याकडे बहुधा रुचीचा, ऐपतीचा किंवा आचारधर्माचा प्रश्न मानला गेला. विकत घेतलेला जिन्नस कोणत्या जमिनीतून आला आणि तो शिजविताना किती सरपण जळले, हा हिशेब स्वयंपाकघरात मांडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न वर्ध्यास झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे कार्य सुरू झाले. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस होते. १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, जाईपर्यंत गांधीजींचा मुक्कामही येथेच होता.

हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ ही संघाची शिकवण केवळ यंत्रद्वेषातून निघालेली नव्हती. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा जातो व त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा अंशही जातो. त्याच्या अभावी बेरीबेरी होते, हे तोवर शास्त्राने सिद्ध केले होते.

कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. वस्तू विकत घेणारा तिच्या उत्पादनातील बऱ्यावाईटाचाही भागीदार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी निसर्गाच्या देवघेवीचे चक्र अखंड राखणारी अर्थव्यवस्थाच टिकाऊ ठरविली. ताडगुळाचा त्यांचा पुरस्कार याच दृष्टीचा होता. ऊस चांगली, ओलिताची जमीन व्यापतो; ताड व शिंदी पडीक जमिनीवर वाढतात. तेव्हा गोडव्यासाठी झाडांकडे वळावे आणि सुपीक शेत धान्यास मोकळे ठेवावे, हा तो विचार होय.

सरपणाचा प्रश्नही सुटला नव्हता. मगनवाडीत ‘मगन चूल’ घडली, हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल सिद्ध करून १९५३ साली त्यावर पुस्तक लिहिले. एका जाळावर अनेक भांडी आणि धूर बाहेर नेणारे धुराडे, ही दोहोंची योजना.

या प्रयत्नांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. सडण्या-दळण्याचे कष्ट मुख्यतः स्त्रियांच्याच वाट्याला येत. हातसडीचा तांदूळ लवकर खवट होतो. ताडाचा रस आटविण्यासही लाकूड लागतेच. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातील कितीतरी चुली दुरुस्तीवाचून व धुराड्याच्या सफाईवाचून बंद पडल्या.

तरीही मगनवाडीने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. चुलीची जागा गॅसने घेतली, तरी इंधन कोठून तरी यावेच लागते. कडधान्य आधी भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, परिसरात पिकलेले हंगामी धान्य व भाजी घेणे, कोंडा न टाकणे, या साध्या गोष्टी आजही प्रत्येक घराच्या आटोक्यातील आहेत. गृहशास्त्राच्या पाठात त्या केवळ काटकसरीच्या सूचना म्हणून न शिकविता या इतिहासासह शिकविल्या, तर ताटातील घासाचा शेताशी व रानाशी असलेला संबंध विद्यार्थ्यांस उमगेल.