कडुनिंबाची साक्ष



इतिहास म्हटला की राजवंश आणि लढाया आठवतात. आज अन्नपूर्णेच्या या परिसरात मी एका झाडाच्या खटल्याविषयी बोलणार आहे.

धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालावा, हे आपल्या आज्यांना कोणत्याही प्रयोगशाळेने शिकविले नव्हते. तरीही निंबोळी तेलाच्या अर्काने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीसाठी युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना पेटंट दिले. वंदना शिवा यांच्यासह तीन पक्षांनी त्यास हरकत घेतली.

‘हे ज्ञान आमचे पूर्वापार आहे’ एवढ्याने म्युनिकमध्ये भागणारे नव्हते. कोणी, कोठे, केव्हा आणि कशा रीतीने वापर केला, हे सिद्ध करावे लागते. पुण्याचे उद्योजक अभय फडके तेथे साक्षीला उभे राहिले. पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ आणि १९८६ साली अशा अर्काचे प्रयोग झाले होते, हे त्यांनी सांगितले. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि त्यावरील अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

हळदीची गोष्ट निराळी. परदेशातील नुसता वापर अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यास पुरेसा नव्हता. छापील आधार हवा होता. म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ संदर्भ पुढे ठेवले. जखमेवरील हळदीचे पेटंट १९९७ साली रद्द ठरले. एकीकडे साक्षीदार उपयोगी पडला, दुसरीकडे कागद. दोन्ही नसते, तर आजीचे शहाणपण परक्याचा शोध ठरले असते.

इंदूरकरांना हे नवे वाटू नये. येथील वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत सिद्ध केली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली ती ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. आजही ती आपल्या गावाच्या नावाने, ‘इंदूर पद्धत’ म्हणून, ओळखली जाते.

मित्रहो, घरातील वृद्धांना जे ठाऊक आहे, ते त्यांच्या नावासह आणि तारखेसह लिहून ठेवा. वहीचे ते एक पानही उद्या साक्ष देईल.