फोटो आपले, पण सातबारा कुणाच्या नावावर?

मंडळी, मोबाइलमधला फोटो ‘क्लाउड’मध्ये जातो म्हणजे नेमका कुठे जातो? कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीतल्या डिस्कवर. इमारत त्यांची, डिस्क त्यांची, नियमही त्यांचेच.

नियम कसे बदलतात ते आपण बघितलंय. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. गूगल फोटोजने २०१५ मध्ये ठरावीक दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवायची सोय दिली आणि १ जून २०२१ पासून ती थांबवली. तेव्हापासूनचे नवे फोटो १५ जीबीत बसवा, नाहीतर पैसे भरा. बेकायदा काहीच नाही. भाडेकरूने घरमालकाशी वाद घालून काय उपयोग?

हा प्रश्न फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रामरने आधीच हेरला होता. जानेवारी २०१० मध्ये त्याने ‘ओनक्लाउड’ जाहीर केलं. ड्रॉपबॉक्ससारखी सोय, पण आपल्याच मशीनवर. कोड खुला, कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. त्या खुलेपणाची खरी किंमत २०१६ मध्ये कळली. एप्रिलमध्ये तो स्वतःच काढलेल्या कंपनीतून बाहेर पडला आणि जूनमध्ये सहकाऱ्यांना घेऊन त्याच कोडवर ‘नेक्स्टक्लाउड’ उभं केलं. भाऊ वेगळे झाले, पण विहिरीला कुलूप लागलं नाही! २०१८ मध्ये जर्मनीच्या केंद्र सरकारच्या आयटी विभागानेही सरकारी फायलींसाठी हेच नेक्स्टक्लाउड निवडलं.

अडचण होती ती बसवण्याची. वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस, प्रत्येकाची वेगळी आवृत्ती. एक जुळवावं तर दुसरं बिघडायचं. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्सने पाचेक मिनिटांत ‘डॉकर’ दाखवलं. प्रोग्रामला त्याच्या चौकटीत कोंडून ठेवायची कल्पना जुनीच, युनिक्समध्ये १९७९ पासूनची. डॉकरने ती सगळ्यांना झेपेल अशी केली. न्हावा-शेवाच्या बंदरातले डबे आठवा. आत तांदूळ असो की यंत्र, क्रेनला फरक पडत नाही, कारण डब्याचं माप ठरलेलं. इथेही तसंच, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात.

म्हणूनच माझ्यासारख्या पत्रकारितेची पदविकावाल्यालाही हे जमलं. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स, त्यावर डॉकर. एक कंटेनर नेक्स्टक्लाउडचा, दुसरा डेटाबेसचा. कोण कुठे बसणार ते एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं. गोम एकच आहे: फोटो आणि डेटाबेसच्या फायली डब्यात ठेवायच्या नाहीत, बाहेरच्या डिस्कवर ठेवायच्या. मग डबा मोडीत काढून नवा आणला तरी माल जागच्या जागी.

आता दुसरी बाजू. मालकी आली की राखणही आली. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर. बाहेरगावाहून बघायचं तर व्हीपीएनमधून. थेट इंटरनेटला दार उघडं ठेवायचं नाही. अपडेट वेळच्या वेळी करायचे. आणि बॅकअप: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत बहिणीच्या घरी असते. हे जमणार नसेल, तर कंपनीचा क्लाउडच बरा. उगाच हौस नको.

मग एवढा खटाटोप कशाला? माझ्याकडे वीस वर्षांच्या बातमीदारीचे फोटो आहेत. पाणीटंचाईचे हंडामोर्चे, नगरपालिकेच्या सभा, रस्तारुंदीत पाडलेली जुनी वेस. ही वेस आता फक्त फोटोतच उरलीय. उद्या पासवर्ड हरवला, खातं बंद पडलं, तर गावाची तेवढी आठवण पुसली जाणार.

आपल्या वाचनालयाकडे, शाळांकडे, मंडळांकडेही असे फोटो आहेत, कुणाच्या तरी खाजगी ईमेल खात्यावर. ते खातं कुणाचं, पासवर्ड कुणाकडे आणि तो माणूस गाव सोडून गेला तर काय? पुढच्या सर्वसाधारण सभेत एवढं तरी विचारा. आणि एखाद्या संस्थेला असा सर्व्हर बसवायचा असेल तर सांगा. एक रविवार माझ्याकडून.